कशासाठी आणि का

शालेय गणिताच्या अध्यापनाविषयी जी चर्चा पुन्हा पुन्हा होते, तिच्या मुळाशी बहुधा दोन भूमिका असतात. पहिली अशी की, मुलांना गणित नकोसे वाटते ते त्याचा जगण्याशी संबंध दिसत नाही म्हणून. तेव्हा बाजारातले, शेतातले, कारखान्यातले आणि पुढे निवडायच्या व्यवसायांतले गणित दाखवले, की ओढ निर्माण होईल. दुसरी अशी की, गणित ही मुळात कारणे शोधण्याची विद्या आहे आणि उपयोगाचे आमिष दाखवून ती शिकवली, तर मूल उपयोग तेवढा उचलते आणि विद्या तशीच मागे राहते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गणितावर जो निबंध तयार झाला, त्यात हाच भेद संकुचित उद्दिष्ट, म्हणजे हिशेब आणि मोजमाप यांपुरते कौशल्य, आणि उच्च उद्दिष्ट, म्हणजे मुलाच्या विचार करण्याच्या रीतीचेच गणितीकरण, असा मांडलेला आहे. पुढील संवादात पहिली बाजू तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाई मांडतात, तर दुसरी बाजू विद्यापीठातून निवृत्त झालेले संख्यासिद्धान्ताचे एक प्राध्यापक. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. त्यांचे युक्तिवाद मात्र कोणत्याही शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत ऐकायला मिळतात.

प्राध्यापक : व्यवहारातले गणित म्हणून पाठ्यपुस्तकांत जे छापले जाते, त्यात व्यवहार कितीसा असतो, हे आधी पाहायला हवे. पिढ्यान्‌पिढ्या मुले एक हौद भरत आली आहेत. त्यात एक नळ पाणी सोडतो आणि दुसरा त्याच वेळी ते काढून टाकतो. ज्या गावात आठवड्यातून दोनदा पाणी येते, तिथे असा हौद कोणी चालवला तर गाव त्याला वेड्यात काढेल. मूल हे ओळखते, गुण मिळवण्यापुरते खरे मानते आणि मनाशी ठरवते की गणितात सांगितलेल्या गोष्टी खऱ्या नसतात.

बाई : तो हौद पाडून टाकायला हरकत नाही, सर, पण हौद खोटा निघाला म्हणून बाजारही खोटा ठरत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के या मुलांनी बरोबर केले. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या संख्यांच्या रूपात दिली, तेव्हा बरोबर उत्तरे सुमारे ३७ टक्क्यांवर आली. म्हणजे गणित मुलांना येत होते, शाळेला ते ओळखता येत नव्हते. आठवडी बाजारात आईबरोबर भाजीला बसणारी मुलगी वर्गात मागच्या बाकावर गप्प असते, तेव्हा दोष तिच्या डोक्यात शोधू नये.

प्राध्यापक : त्याच अभ्यासातला नारळ विकणारा मुलगा आठवावा. एका नारळाची किंमत ३५, नारळ दहा. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे मिळवून २१० केले, पुढच्या तिनांसह ३१५, मग उरलेल्या एकाचे ३५, एकूण ३५०. उत्तर बरोबर आहे आणि रीतही देखणी आहे. परंतु दहाने गुणताना पुढे शून्य येते, ही गोष्ट त्याच्या उपयोगाला आली नाही. बाजाराने त्याला जेवढे लागते तेवढे दिले आणि तिथेच सोडले. शिवाय आजचा व्यवहार उद्या राहतोच असेही नाही. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत असत. औट म्हणजे साडेतीन, तेव्हा औटकी हा साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असताना या पाढ्यांवाचून दुकान चालत नव्हते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्याच वर्षापासून शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम येऊ लागला, आणि पिढ्यांनी घासून घासून पाठ केलेली पाऊणकी पाहता पाहता अडगळीत गेली. व्यवहाराला बांधलेले गणित व्यवहाराबरोबरच जुने होते.

बाई : पाढे गेले, पण त्यांच्याबरोबर अपूर्णांकांशी असलेली सलगीही गेली. पावणेदोन शेर म्हटल्यावर पूर्वीच्या चौथी पास माणसाला जे चटकन दिसत असे, ते आज आठवीच्या मुलाला १.७५ लिहूनही दिसत नाही. जुना व्यवहार गेला तर नवा आणावा लागतो, आणि नवा व्यवहार काही कमी अवघड नाही. दुचाकीच्या कर्जाचे उदाहरण घेऊ. विक्रेता सांगतो, ६०,००० रुपये, तीन वर्षे, व्याज १० टक्के फ्लॅट. म्हणजे वर्षाला ६,०००, तीन वर्षांचे १८,०००, एकूण ७८,०००. भागिले ३६, हप्ता सुमारे २,१६७ रुपये. घरातला कर्ता माणूस १० टक्के ऐकून मान हलवतो, कारण बँकेचा दर त्याने यापेक्षा जास्त ऐकलेला असतो. प्रत्यक्षात हे कर्ज जवळजवळ १८ टक्क्यांचे आहे. हे मुलांना दाखवायचे नाही, तर काय दाखवायचे?

प्राध्यापक : हे जरूर दाखवावे. परंतु दहाचे अठरा का होतात, हे वर्गात कोणी विचारते का?

बाई : विचारल्याशिवाय तास पुढे जात नाही. फ्लॅट दरात व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटच्या महिन्यापर्यंत लावले जाते. पण कर्जदार दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, त्यामुळे अखेरच्या महिन्यात त्याच्याकडे जेमतेम दोन हजारांचे मुद्दल उरलेले असते आणि व्याज मात्र ६०,००० वरच चालू असते. बँका ज्याला रिड्यूसिंग बॅलन्स म्हणतात त्या पद्धतीत, म्हणजे त्या त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावर व्याज धरले तर, हाच हप्ता महिना दीड टक्क्याच्या किंचित खाली येतो. मुलांना आधी वाटते की आकडेमोडीत चूक झाली. मग एक जण विचारतो, की सरासरी पाहिली तर साधारण निम्मेच पैसे तीन वर्षे वापरायला मिळाले ना? त्या प्रश्नानंतर फळ्यावर फारसे लिहावे लागत नाही.

येथे वादाची रेषा थोडी सरकते, हे नोंदवले पाहिजे. बाईंनी दिलेले उदाहरण उपयोगाचे आहे यात शंका नाही, पण वर्गाला जागे केले ते उपयोगाने नव्हे, तर दहा आणि अठरा यांच्यातल्या विसंगतीने. व्यवहारातले प्रत्येक उदाहरण असे नसते. बेरीज-वजाबाकीने जे संपते आणि ज्यात आश्चर्याला जागाच नसते, असे किराण्याचे बिल मुलाला आधीच ठाऊक असते. ते वर्गात आणल्याने गणित जवळचे होत नाही, फक्त तास जातो. प्राध्यापकांचा आक्षेप खरे तर अशा उदाहरणांवर आहे, जरी ते तो सरसकट सगळ्या व्यवहारावर घेतात.

बाई : गवंड्याचे उदाहरण तर आपल्याला मान्य व्हावे. घराचा पाया आखताना तो कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट खूण करतो, आणि दोन खुणांमधले अंतर पाच फूट भरले म्हणजे कोपरा गुण्यात आहे, असे मानतो. हे पायथागोरसचे प्रमेय आहे आणि ते त्याच्या हातात आहे.

प्राध्यापक : नाही, बाई, ते पायथागोरसचे प्रमेय नाही, त्याचा व्यत्यास आहे. प्रमेय असे सांगते की त्रिकोण काटकोनी असेल, तर दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठ्या बाजूच्या वर्गाइतकी असते. गवंड्याला काटकोन आहे हे आधी ठाऊक नसते, तेच तर त्याला तपासायचे असते. तो उलट दिशेने जातो, म्हणजे बाजूंचा संबंध जुळला तर काटकोन असलाच पाहिजे, असे धरतो. विधान उलटे फिरवले की ते आपोआप खरे राहत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते, पण अंगण ओले असले म्हणजे पाऊस पडला असे नाही. दहावीच्या पुस्तकात व्यत्यास स्वतंत्र प्रमेय म्हणून आहे, त्याची सिद्धताही आहे, आणि मुले ती नाइलाजाने पाठ करतात, कारण ती कशाला हवी हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पाया आखणारा गवंडी व्यत्यासावर उभा आहे, एवढे सांगितले असते तर त्या सिद्धतेला अर्थ आला असता.

बाई : म्हणजे उपयोगानेच अर्थ आला.

प्राध्यापक : उपयोगाने प्रश्न आला. अर्थ सिद्धतेने आला.

या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो दिसतो तेवढा सूक्ष्म नाही. बाई त्यावर थांबत नाहीत. त्या बारकोडकडे वळतात. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा अंकांपैकी विषम स्थानांचे अंक जसेच्या तसे आणि सम स्थानांचे अंक तीनपट धरून बेरीज केली, तर ती नेहमी दहाच्या पटीत येते, कारण शेवटचा अंक त्यासाठीच निवडलेला असतो; त्याला तपासणी अंक म्हणतात. ८९०१२३४५६७८९० हा नमुन्याचा आकडा घेतला, तर बेरीज १३० येते. एखादा अंक चुकला, तर बेरीज बिघडते आणि यंत्र पुडा नाकारते. त्यावर प्राध्यापकांचा प्रश्न असा, की शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर चूक नेहमी पकडली जाते का? जात नाही, त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, जसे २ आणि ७, तर बेरीज दहाने बदलते आणि चूक निसटते. आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकासाठी वापरलेली व्हरहूफ यांची १९६९ ची रीत ही पळवाटही बंद करते, आणि त्यासाठी ती नियमित पंचकोन फिरवण्याच्या आणि उलटण्याच्या दहा क्रियांच्या गणिताचा आधार घेते. पंचकोनाच्या सममितीचा अभ्यास करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञांच्या मनात ओळखपत्र नव्हते, एवढे येथे पुरे.

प्राध्यापक : सममितीवरून आठवले. शाळांच्या प्रदर्शनात रांगोळीखाली पाटी असते, रांगोळीतील गणित, सममिती. नाव दिले की गणित झाले, अशी समजूत त्यामागे आहे. दारात रांगोळी घालणाऱ्या मुलीला सममिती त्या पाटीच्या आधीपासून कळते.

बाई : मग काय विचारावे?

प्राध्यापक : अकरा ते सहा ठिपक्यांची रांगोळी घ्यावी. मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या फटींत बसवत एकेक ठिपका कमी करत ६ पर्यंत. एकूण ठिपके किती?

बाई : अकरा, आणि दहा ते सहा दोनदा. एक्क्याण्णव.

प्राध्यापक : आता लहान लहान रांगोळ्या घ्याव्यात. नऊ ते पाच : ६१. सात ते चार : ३७. पाच ते तीन : १९. तीन ते दोन : ७. आणि नुसता एक ठिपका : १. आता लहानापासून बेरीज करत जावे. एक, एक आणि सात आठ, आठ आणि एकोणीस सत्तावीस, पुढे चौसष्ट, एकशे पंचवीस, आणि एक्क्याण्णव मिळवल्यावर दोनशे सोळा.

बाई : हे तर घन आहेत. एकाचा, दोनाचा, तिनाचा, असे थेट सहाच्या घनापर्यंत.

प्राध्यापक : रांगोळी सपाट आणि घन तीन मितींचा. ठिपक्यांत ठोकळा कुठून आला?

बाईंनी येथे वहीचे पान घेतले. सहा बाय सहा बाय सहा असा लहान ठोकळ्यांचा मोठा घन मनाशी धरला आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यातून पाच बाय पाच बाय पाचचा घन काढून टाकला, तर समोरच्या कोपऱ्यात एकमेकींना भेटणाऱ्या तीन भिंतींचे एक ठोकळा जाड कवच उरते. प्रत्येक भिंतीत ३६, तीन भिंतींत १०८. पण ज्या तीन कडांवर भिंती जुळतात तिथले सहा-सहा ठोकळे दोनदा मोजले गेले, म्हणून १८ वजा, आणि कोपऱ्यातला एक ठोकळा जास्तच वजा झाला, म्हणून तो परत मिळवायचा. एक्क्याण्णव. आणि हे कवच बरोबर कोपऱ्याच्या समोर डोळा धरून पाहिले, तर त्याची कड षटकोनी दिसते आणि ठोकळे अकरा ते सहाच्या रांगोळीसारखेच ओळींत लागतात. घनावर असे एकेक कवच चढवत गेले की पुढचा घन मिळतो, आणि ही मांडणी सहासाठी जशी चालते तशीच कोणत्याही संख्येसाठी चालते. नियम नेहमीच खरा असल्याची ही सिद्धता आहे. तिला समीकरण लागत नाही, सातवीतले मूल साबणाच्या वड्या रचून ती पाहू शकते. या उदाहरणाला व्यवहारातले म्हणावे की शुद्ध गणित म्हणावे, यावर दोघांचे एकमत झाले नाही आणि होण्याची गरजही नाही.

खरा मतभेद उरला तो व्यवसायाच्या प्रश्नावर.

प्राध्यापक : वर्गाच्या भिंतीवर तक्ते लागतात : गणित शिका आणि विमागणिती व्हा, अभियंता व्हा, डेटा विश्लेषक व्हा. हे लाच देण्यासारखे आहे. शिवाय व्यवसायही टिकत नाहीत. १८३१ साली राधानाथ सिकदार हे भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाले, तेव्हा कॉम्प्युटर हे माणसाच्या हुद्द्याचे नाव होते; पुढे ज्या शिखराला एव्हरेस्ट म्हटले गेले ते सर्वांत उंच आहे, हे ज्या आकडेमोडीतून निघाले ती त्यांची होती. तो हुद्दा आज नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर कोणत्या व्यवसायासाठी संख्यांशी खेळत होते? चार अंक घ्यावेत, सगळे सारखे नसावेत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करावी आणि हेच पुन्हा करत जावे. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीत ६१७४. त्यानंतर ती संख्या हलत नाही. सातांहून जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत.

बाई : कापरेकरांना शाळेचा पगार होता, सर, आणि जगाने त्यांची दखल घेतली ती मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या मासिकात लिहिल्यावर. प्राध्यापकाच्या मुलाला गणित कशासाठी, हे विचारावे लागत नाही. त्याच्या घरात शिक्षणाचा उपयोग रोज जेवायला बसतो. गवंड्याच्या मुलीला ते विचारावेच लागते, कारण दहावीनंतर तिच्या घरी दोनच प्रश्न असतात, पुढे शिकायचे की नाही आणि त्यातून काय मिळणार. तिला संख्यांचे सौंदर्य आधी आणि पोटाचे नंतर, असे सांगणे सोपे आहे, पण ते सांगणाऱ्याला सोपे आहे.

संवादातला सर्वांत वजनदार मुद्दा हा आहे, आणि प्राध्यापकांकडे त्याला पुरते उत्तर नाही. परंतु बाईंचा मुद्दा मान्य केल्याने भिंतीवरचे तक्ते मान्य होत नाहीत. व्यवसायांच्या नावांची यादी मुलाला काहीच दाखवत नाही. त्या कामात गणित नेमके कुठे बसते, हे हाताच्या अंतरावरून दिसले तरच त्याला किंमत आहे. बाईंनी दिलेले पुढचे उदाहरण या कसोटीला उतरते.

बाई : आयटीआयमधला टर्नर लेथवर टेपर कापतो, म्हणजे दांड्याची जाडी एका टोकाकडे सारखी कमी करत नेतो. जाड टोक ४० मिलिमीटर, बारीक टोक ३०, टेपरची लांबी ५०. हत्यार किती अंशांत वळवायचे? दोन व्यासांतला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीने भागले की ०.१, आणि ज्या कोनाचा टॅन ०.१ आहे तो कोन सुमारे पाच अंश त्रेचाळीस मिनिटे. दहावीच्या त्रिकोणमितीत मुले मनोऱ्याची उंची आणि दीपस्तंभावरून दिसणारी नाव काढतात. ज्या गावात समुद्र नाही आणि औद्योगिक वसाहत आहे, तिथे निदान एक गणित लेथचे असावे.

प्राध्यापक : अवश्य असावे, फक्त सूत्र छापू नये. लांबीची दुप्पट का, एवढेच विचारावे.

बाई : कारण दांडा फिरत असतो, हत्यार एका बाजूला असले तरी जाडी दोन्ही बाजूंनी कमी होते.

प्राध्यापक : हे आपण सांगितलेत. मुलांनी सांगायला हवे होते.

बाई : आणि तास संपेपर्यंत कोणालाच सुचले नाही तर?

प्राध्यापक : तर पुढच्या तासाला.

बाई : पुढचा तास भूगोलाचा असतो, सर.